कृष्णस्वामींची चिठ्ठी

रविवारी सकाळी आठ वाजले की तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत, कृष्णस्वामींच्या तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, आजारी पानांची रांग लागे. कुणाच्या हातात पेरूची डहाळी, कुणाच्या पिशवीत भोक पडलेला चिकू, कुणी केळीच्या पानात गुंडाळून आणलेली लिंबावरची अळी. परसातलं झाड म्हटलं की तंजावूरच्या माणसाला धीर म्हणून निघत नाही. स्वतःचा गुडघा तो चार वर्षं अंगावर काढील, पण आंब्याचा मोहोर काळा पडला तर चार तास घरात बसणार नाही.

कृष्णस्वामी घरात तंजावुरी मराठी बोलणारे, शेतकी खात्यात कीडनियंत्रणाचं काम करून निवृत्त झालेले. पापनाशमपासून तिरुवैयारुपर्यंत एक नारळाची बाग अशी नव्हती जिच्या माडांच्या बुंध्याला त्यांनी आतली कीड ऐकायला कान लावला नव्हता. आता अठ्ठ्याहत्तरी उलटलेली. ते पान हातात घेत आणि पहिल्यांदा उलटं करत. लोक पानाची वरची बाजू दाखवायला आलेले असत, कारण डाग तिथे दिसतात. किडे मात्र खाली लपतात. हे त्यांनी गल्लीला पन्नास वेळा सांगितलं असेल आणि गल्ली अजून वरचीच बाजू पुढे करत असे. मग नाकावरचा चष्मा सारखा करून ते तमिळमध्ये चिठ्ठी लिहीत. औषधाचं नाव, पाण्याचं माप, खाली वळणदार सही. ती सही पाहिली की बाजारातला औषधवाला सुब्रमण्यम एक शब्द न विचारता बाटली काढून देई.

चिठ्ठी हातात देताना त्यांचं एक बजावणं असे. अंगात सदरा घाला, तोंडाला फडकं बांधा, वाऱ्याकडे पाठ करून मारा, आणि मी सांगतो तितके दिवस फळाला हात लावू नका. हे ऐकल्याशिवाय कुणाची सुटका नसे. थोरल्या देवळाचे पुजारी आले तरी त्यांनाही सदरा घालायला लावणारा हा माणूस होता.

गेल्या दीड वर्षापासून ते बजावणं बंद पडलं होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या मुलीच्या, अखिलाच्या, लक्षात आलं.

अखिला त्रेचाळीस वर्षांची. शाळेत विज्ञान शिकवायची. आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. वडिलांनी परसातल्या लिंबाला स्वतः औषध घातलं आणि लिंबू आठवड्यात उभं वाळलं, तेव्हा तिनं पहिल्यांदा त्यांची चिठ्ठी नीट वाचली. किड्याची ओळख अगदी बिनचूक होती. त्यात त्यांना अजून कुणी हरवलं नसतं. उपाय मात्र चाळीस वर्षांपूर्वीचा होता, बाजारातून कधीच काढून टाकलेला, आणि मापात एक शून्य जास्त होतं. त्या दिवशी दुपारभर ती स्वयंपाकघरात नुसती बसून राहिली.

तेव्हापासून तिनं एक उद्योग मागे लावून घेतला. रविवारी कुणी चिठ्ठी घेऊन निघालं की ही मूठभर कढीलिंब द्यायच्या निमित्तानं त्यांच्या मागे जायची, कोपऱ्यावर गाठायची आणि म्हणायची, "अप्पांचं अक्षर लागत नाही, मी नीट लिहून देतें." जुनी चिठ्ठी फाडायची, आपली द्यायची. आठ महिने हे बिनबोभाट चाललं. सगळी गल्ली कृष्णस्वामींचे गोडवे गात राहिली आणि आंबे, पेरू, डाळिंबं अखिलाच्या चिठ्ठ्यांवर सुधारत राहिली.

चिठ्ठ्या बंदच का केल्या नाहीत, असं कुणी विचारील. विचारणं सोपं आहे. सोमवार ते शनिवार कृष्णस्वामी जेवलो की नाही हे विसरायचे, न्हाणीघराचं दार शोधायचे, गेलेल्या बायकोला हाका मारायचे. रविवारी सकाळी मात्र ते इस्त्रीची वेष्टी, म्हणजे धोतर, नेसून ताठ बसायचे आणि अधिकारी व्हायचे. ते चार तास त्यांच्याकडून काढून घ्यायला अखिलाचा हात धजत नव्हता. तिचा वडिलांवर जीव होता, आणि तो आंधळा होता.

मग एका रविवारी चष्मा शोधत ते तिच्या मागोमाग कोपऱ्यापर्यंत आले. त्यांनी तिला आपली चिठ्ठी फाडताना पाहिलं.

ते ओरडले नाहीत. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी अखिला रसम-भाताचं ताट घेऊन समोर बसली, तेव्हा म्हणाले, "मी चुकायलों काय, अखिला? चुकत असलों तर तोंडावर सांग. मागून नको."

तिनं त्या वेळी सांगायला हवं होतं. माणूस स्वतः विचारत होता, शुद्धीवर होता. पण दोन दिवसांचा उपाशी माणूस ताटाला हात लावायला तयार नव्हता. "नाही, अप्पा," ती म्हणाली. "तुम्ही चुकत नाही. अक्षर लागेना म्हणून नक्कल केलें, इतकंच."

"मग पुन्हा माझ्या चिठ्ठीला हात लावणार नाहीस?"

"नाही लावणार."

"आईची शपथ?"

तिनं आईची शपथ घेतली. ते जेवले. तिला इतकं हायसं वाटलं की त्या रात्री ती गाढ झोपली.

पुढच्या दोन रविवारी अवकाळी पाऊस होता, आणि देवाच्या कृपेनं कुणी आलं नाही. तिसऱ्या रविवारी हनुमंतराव आले.

हनुमंतराव टपाल खात्यातून निवृत्त, तीन घरं पलीकडे राहणारे. कृष्णस्वामींपेक्षा पंधरा वर्षांनी लहान आणि त्यांचा शब्द म्हणजे वेदवाक्य मानणारे. त्यांच्या घरी रामनवमीचा उत्सव असे. परसातल्या आंब्याचे पहिले आंबे रामापुढे ठेवायचे, मगच घरच्यांनी तोंडात घालायचे, हे त्यांच्या पणजोबांपासून चालत आलेलं. त्या झाडाला पारोशानं कुणी शिवत नसे. पाणी घालायचं तरी आंघोळ करून, ओली वेष्टी नेसून, उघड्या अंगानं. मोलकऱ्याला त्या झाडाच्या सावलीतसुद्धा बोलवत नसत. रामनवमी बारा दिवसांवर आली होती.

"अण्णा, हे बघा की," त्यांनी डहाळी पुढे केली. पानं काजळी धरल्यासारखी काळी आणि चिकट होती. "रामाला आंबे द्यायचे कसे? सगळं झाड काळं झालंय."

कृष्णस्वामींनी पान उलटं केलं आणि त्यांचा चेहरा उजळला. देठाच्या बगलेत पिठाचे गोळे चिकटवावेत तसे पांढरे किडे बसले होते. "काळं आहे ते रोग नव्हे, हनुमंता. ती नुसती बुरशी. हा बघ खरा चोर, पिठ्या ढेकूण. हा रस पितो आणि गोड पाणी गाळतो, त्या गोडावर बुरशी येते. बुंध्यावर मुंग्या वर-खाली करायल्यात की नाही?"

"करायल्यात!" हनुमंतराव थक्क झाले. "न बघता कसं सांगिटलात?"

"त्या गोडासाठी येतात. मुंग्या त्याचं रक्षण करतात."

दारात उभ्या अखिलाला क्षणभर वाटलं, आज अप्पा पूर्वीसारखे आहेत. आता पुढे म्हणतील, साबणाच्या पाण्यानं झाड धू, बुंध्याला प्लॅस्टिकचा पट्टा बांधून त्याला ग्रीस लाव, म्हणजे किडे आणि मुंग्या दोघांची वाट बंद. फळावर आलेल्या झाडाला ते दुसरं काही सांगूच शकत नव्हते. हजार वेळा तिनं ते ऐकलं होतं.

कृष्णस्वामींनी चिठ्ठी लिहिली. हनुमंतरावांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि दारातल्या अखिलाला कौतुकानं दाखवली. "बघ तुझ्या बापाचं अक्षर. अजून मोत्यासारखं."

तिनं वाचलं. जुनं औषध. बाटलीवर लाल त्रिकोण असलेलं, सगळ्यांत जहाल. एका लिटरला वीस मिली.

तिनं वर पाहिलं. कृष्णस्वामी तिच्याकडेच पाहत होते. रागानं नव्हे, नुसतं, मूल परीक्षेच्या निकालाकडे पाहतं तसं. तिनं चिठ्ठी परत दिली. हनुमंतरावांनी ती कमरेला खोचली आणि ते गेले.

दुपारी सांगू, ती मनाशी म्हणाली. दुपारी अप्पा झोपले तेव्हा ती हनुमंतरावांच्या घरी गेली, तर दाराला कुलूप. नवराबायको दोघं नातेवाइकांकडे कुंभकोणमला गेलेले, रात्री उशिरा येणार. हे औषध सुब्रमण्यमकडे आता मिळणारच नाही, असंही तिनं स्वतःला समजावलं. ते तिला खरं वाटलं, कारण खरं वाटून घ्यायचं होतं. सुब्रमण्यमच्या दुकानाच्या मागच्या फळीवर जुन्या चार बाटल्या होत्या, आणि कृष्णस्वामींची सही घेऊन आलेल्या माणसाला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. हनुमंतराव कुंभकोणमची बस धरण्याआधीच बाटली घेऊन गेले होते.

सोमवारी शाळेच्या मधल्या सुट्टीत अखिलानं फोन लावला. हनुमंतरावांची बायको वरलक्ष्मी फोनवर आली.

"मामी, मामा कोठे आहेत?"

"मडीत आहेत ग." मडी म्हणजे सोवळं. "आंब्याला औषध मारायलेत. फोनला शिवणार नाहीत आता. काय सांगू?"

"कधीपासून मारायलेत?"

"आत्ताच शिडी लावले. का ग?"

आता फक्त दोन शब्द पुरे होते. थांबवा त्यांना. पण त्यानंतर वरलक्ष्मीनं का म्हणून विचारलं असतं. मग सांगावं लागलं असतं की अप्पांची चूक झाली, अप्पांचं डोकं चालेनासं झालंय, अप्पांच्या चिठ्ठ्या आठ महिने मी बदलत होते. वरलक्ष्मी बाई भली, पण तिच्या पोटात काही राहत नसे. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं असतं, आणि रविवारी तिण्णैवर कुणी आलं नसतं. इस्त्रीची वेष्टी नेसून ते वाट बघत बसले असते. ते चित्र अखिलाच्या डोळ्यांपुढे इतकं स्पष्ट उभं राहिलं की शिडीवरचा माणूस तिला दिसेना.

"काही नाही," ती म्हणाली. "झालं की मला फोन करायला सांगा. आणि सदरा घालायला सांगा त्यांना, मामी."

वरलक्ष्मी हसली. "मडीत सदरा कसला घालतात? देवाचं झाड ते."

घंटा झाली. अखिला आठवीच्या वर्गावर गेली आणि तिनं पचनसंस्था शिकवली.

दीड वाजता वरलक्ष्मीचा फोन आला, तेव्हा ती नीट बोलतच नव्हती. हनुमंतराव डोकं वर करून फांद्यांत फवारत राहिले होते. सगळा तुषार तोंडावर, छातीवर, ओल्या वेष्टीवर पडत होता. काम झाल्यावर देवाच्या कामाचं ओलं म्हणून त्यांनी वेष्टी बदललीही नाही, तशीच अंगावर ठेवून पूजेला बसले. आरतीच्या वेळी हातातलं निरांजन पडलं. तोंडातून लाळ गळू लागली, घामानं पाट भिजला. इस्पितळात डॉक्टरांनी डोळ्यांची पापणी उचलली तर बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झालेली. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

पोलीस येऊन गेले. वरलक्ष्मीनं सांगितलं, त्यांनी स्वतःच कुठूनतरी औषध आणलं, मला माहीत नाही. सुब्रमण्यमनं उरलेल्या बाटल्या त्याच दिवशी नाहीशा केल्या आणि तो मूग गिळून बसला. कृष्णस्वामींना अखिलानं सांगितलं, हनुमंतमामांचं हृदय बंद पडलं. ते लहान मुलासारखे रडले. संध्याकाळी विसरले, सकाळी पुन्हा सांगितल्यावर पुन्हा रडले.

तेराव्याला दोघं हनुमंतरावांच्या घरी गेली. वरलक्ष्मीनं अखिलाला न्हाणीघराच्या आडोशाला बोलावलं आणि चोळीतून घामानं मऊ झालेली चिठ्ठी काढून तिच्या तळहातावर ठेवली. "त्यांचे अण्णा होते ते," वरलक्ष्मी म्हणाली. "पोलिसांपुढे कशी ठेवू?" फोनबद्दल ती काही बोलली नाही. तिनं बोलावं, शिव्या द्याव्या, थोबाडीत मारावी, असं अखिलाला फार वाटलं. चिठ्ठी तिनं त्याच संध्याकाळी चुलीत जाळली.

पण त्याआधीच परसात व्हायचं ते झालं होतं. पंगत बसायला वेळ होता आणि कृष्णस्वामी सवयीनं झाडाकडे गेले होते. अखिला धावत मागे गेली. आंब्याची पानं कडांनी भाजल्यासारखी करपली होती. खाली कैऱ्यांचा सडा पडला होता आणि त्यात वाळलेल्या मधमाश्या होत्या, पसाभर. कृष्णस्वामींनी एक पान तोडलं, उलटं केलं, बोटांत चुरडून नाकाशी नेलं. त्यांची पाठ ताठ झाली.

"ह्याचा वास मी तीस वर्षं घेतलों," ते म्हणाले. आवाज ऑफिसातला होता. "दोन मिलीनं पुष्कळ होतं. इकडे दहापट पडलंय. फळावर आलेल्या झाडाला! हनुमंता मारला काय हे?"

आवाज ऐकून माणसं परसात आली. वरलक्ष्मी विहिरीच्या काठाला धरून उभी होती.

"हृदय नव्हे," कृष्णस्वामी म्हणाले. "विषानं गेला तो. उघड्या अंगानं मारला असणार, मला माहीत आहे त्याची मडी. कोण सांगिटला त्याला हे औषध? कोण मूर्ख लिहून दिला? सांगा मला, त्याच्या हातात पुन्हा लेखणी जाऊ देणार नाही मी."

वरलक्ष्मीचे ओठ हलले. "अण्णा..." ती म्हणाली.

"मी, अप्पा," अखिला म्हणाली. "मी लिहिलें. तुमची चिठ्ठी मी बदललें."

कृष्णस्वामींनी वळून तिच्याकडे पाहिलं. "मी काय लिहिलों होतों?"

"साबणाचं पाणी. बुंध्याला पट्टा."

"हां," ते म्हणाले. "तेच लिहिलों असेन. दुसरं काय लिहिणार?" मग ते विहिरीपाशी गेले आणि ह्या ताठ माणसानं वरलक्ष्मीपुढे दोन्ही हात जोडले. "माझी लेक तुझं कुंकू पुसली. मी शपथ घालूनही ऐकली नाही. मला क्षमा कर, अम्मा."

वरलक्ष्मीनं अखिलाकडे एकदा पाहिलं, पदर तोंडात कोंबला आणि ती आत निघून गेली.

सगळं विसरणारा तो माणूस, पण हे विसरला नाही. वार विसरे, बायको गेल्याचं विसरे, सकाळची कॉफी विसरून दुसरी मागे. अखिलानं हनुमंताला मारलं हे मात्र त्यांच्या मनात खिळा ठोकल्यासारखं पक्कं बसलं. जेवताना घास हातात धरून तिच्याकडे बघत. तिनं पाण्याचा पेला दिला तर आधी वास घेत. आणि रविवारी तिण्णैवर येणाऱ्या प्रत्येकाला चिठ्ठी देताना सांगत, "हे सरळ दुकानात ने. माझ्या लेकीच्या हाती देऊ नको. तिच्या हातून एक माणूस गेलाय."

पूर्वीच्या बजावण्याची जागा आता ह्या बजावण्यानं घेतली होती. माणसं कमी झाली, पण थांबली नाहीत. उलट कृष्णस्वामींबद्दल लोकांना जास्तच वाईट वाटू लागलं. अखिला दारात दिसली की बायका चिठ्ठी मुठीत आवळत. सुब्रमण्यमला तिनं हात जोडून विनवलं आणि तोही घाबरलेला, त्यानं त्या सहीवर काही देणं बंद केलं. पण बाजारात दुकानं काय एकच असतात? दोघातिघांच्या घरी ती गेली. त्यांनी दारातूनच, बघू, म्हणून परत पाठवलं.

हे सगळं ती सोसत होती, आणि खरं सांगायचं तर त्यात तिला थोडं बरंही वाटत होतं. आपण शिक्षा भोगतोय, असं तिला वाटे. चूक झाली, तिची भरपाई चालली आहे, वडिलांचा मान शाबूत आहे. माणूस स्वतःला किती गोंजारू शकतो ह्याला सुमार नाही.

आषाढातल्या एका रविवारी कविता आली. गल्लीच्या टोकाला नव्यानं राहायला आलेली तरुण मुलगी, तमिळ बोलणारी, कडेवर वर्षाचं पोर. तिच्या हातात लिंबाची फांदी होती. तिण्णैवर आणखी दोघंतिघं बसले होते.

"पानांवर पाखरं घाण करतात, आजोबा," ती म्हणाली. "आणि पानं आपोआप संपतात."

कृष्णस्वामी हसले. त्यांनी फांदी जवळ घेतली, पानावरचा काळापांढरा ठिपका काडीनं डिवचला, आणि ठिपक्यानं दोन लाल शिंगं बाहेर काढली. पोर खिदळलं. "घाण नव्हे ही, अळी आहे. घाणीचं सोंग घेते, म्हणजे पाखरू खात नाही. पुढे हिचं फुलपाखरू होतं." तमिळमध्ये त्यांनी हे इतकं गोड करून सांगितलं की बसलेली माणसंही पुढे झुकली. अळ्या दहापंधरा, झाड कमरेएवढं. हातानं वेचून टाकल्या की काम झालं. मूल हात लावील अशा उंचीवर पानं होती.

त्यांनी चिठ्ठी लिहिली. दारातून अखिलाला अक्षर दिसत नव्हतं. पण लेखणी किती वेळ चालली, हे दिसत होतं; वेचून टाका एवढं सांगायला इतकं लिहावं लागत नाही.

"हे सरळ दुकानात ने," कृष्णस्वामी म्हणाले. "ही माझी लेक दारात उभी आहे ना, तिच्या हाती देऊ नको. तिच्या हातून..."

कवितानं घाबरून चिठ्ठी पोराच्या अंगरख्यात खुपसली आणि ती उठली. पोरानं लगेच ती बाहेर काढून तोंडात घातली.

अखिला उंबरा ओलांडून बाहेर आली. "ती चिठ्ठी टाकून द्या," ती तमिळमध्ये म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "अप्पांना आठवत नाही. दीडदोन वर्षं आठवत नाही. हनुमंतरावांची चिठ्ठी मी लिहिली नव्हती. अप्पांनी लिहिली होती. मी खोटं बोलले. ह्यांच्या चिठ्ठीवर कुणी काही आणू नका. कधीच."

कवितानं पोराच्या तोंडातून ओला कागद ओढून काढला आणि कृष्णस्वामींपुढे ठेवला, जणू तो विंचू होता.

कृष्णस्वामींनी तो उचलला. चष्मा वर केला, खाली केला. सही पाहिली. औषधाच्या नावावर बोट ठेवून ते मापापर्यंत आले, आणि तिथे ते बोट थांबलं. इतक्या महिन्यांत त्यांचे डोळे इतके स्वच्छ अखिलानं पाहिले नव्हते.

"हे मी लिहिलों," ते मराठीत म्हणाले.

"होय, अप्पा."

"हनुमंताचंही?"

"होय."

माणसं एकेक करून उठून जाऊ लागली.

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. तुम्ही त्यांना दिलात तेव्हाच. मी वाचलें होतें."

"तो जिवंत होता तेव्हा."

"होय. दुसऱ्या दिवशी फोनही केलें होतें. शिडीवर होते मामा."

कृष्णस्वामी तिच्याकडे पाहत राहिले. रागाचा लवलेश नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं आणि कळून घ्यायचं होतं. "मी विचारलों होतों की तुला, चुकायलों काय म्हणून. मग का सांगिटली नाहीस?"

तिनं उत्तर शोधलं. मोठं काहीतरी असेल, एका माणसाच्या जिवाएवढं, असं तिला वाटलं होतं. तेवढं काही सापडेना.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, अप्पा," ती म्हणाली.